सन २०१९ : अरबी समुद्राचे एक अपवादात्मक वर्ष

उत्तर हिंदी महासागरातील चक्री वादळांचा विचार करताना बंगालचा उपसागर प्रमुख व अरबी समुद्र गौण, अशी विभागणी आपण गृहीतच धरतो. उपसागरात चार वादळे झाली तर अरबी समुद्रात एक, हे स्थूल प्रमाण विद्यार्थ्यांनी क्रमिक पुस्तकातून पाठ केलेले असते. सन २०१९ मध्ये हे प्रमाण उलटे झाले. त्या वर्षी या संपूर्ण क्षेत्रात आठ चक्री वादळांची नोंद झाली आणि त्यांपैकी पाच अरबी समुद्रातील होती. एका वर्षात तेथे पाच वादळे झाल्याची याआधीची नोंद १९०२ सालची आहे. या उलटापालटीची कारणे कोणती आणि १९०२ शी केलेली तुलना कितपत ग्राह्य आहे, या दोन प्रश्नांपुरताच प्रस्तुत लेख मर्यादित आहे.

प्रथम परिभाषेचा खुलासा करणे इष्ट होईल. भारताच्या हवामानशास्त्र विभागाच्या वर्गीकरणानुसार वाऱ्याचा सातत्याचा वेग ३४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६२ किलोमीटर, झाला की अवदाबास चक्री वादळ म्हणतात व त्यास नाव मिळते. पुढे वेगाप्रमाणे पायऱ्या चढत जाऊन १२० नॉटांवर ‘महाचक्री वादळ’ ही शेवटची श्रेणी येते. २०१९ च्या आठ वादळांपैकी सहा अतितीव्र किंवा त्याहून वरच्या श्रेणीस पोहोचली. केवळ दोनच, जानेवारीतील पाबुक आणि डिसेंबरातील पवन, खालच्या पायरीवर राहिली. वादळांच्या संख्येपेक्षा ही गोष्ट मला अधिक विचारार्ह वाटते.

अरबी समुद्र एरवी शांत का असतो, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या वर्षाचा अर्थ लागणार नाही. चक्री वादळास सुमारे साडेसव्वीस अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक तापमानाचे पाणी बऱ्यापैकी खोलीपर्यंत लागते, वातावरणाच्या मधल्या थरांत आर्द्रता लागते, आणि खालच्या व वरच्या वाऱ्यांत फार तफावत असून चालत नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात अरबी समुद्रावर खाली जोरदार पश्चिमी वारे व वर तितकेच जोरदार पूर्वेचे वारे असतात. अशा स्थितीत वादळाचा उभा स्तंभ टिकूच शकत नाही. शिवाय सोमालिया व अरबस्तानच्या किनाऱ्यालगत खोलातील थंड पाणी वर येऊन पृष्ठभाग निववते, आणि वाळवंटावरील कोरडी हवा वायव्येकडून आत शिरते. त्यामुळे वादळांस मोसमाच्या अलीकडची व पलीकडची, अशी दोन अरुंद दारेच काय ती उघडी राहतात.

२०१९ मध्ये यांपैकी दुसरे दार नेहमीपेक्षा पुष्कळच रुंद उघडले. त्या वर्षी हिंदी महासागराचा द्विध्रुव धन अवस्थेत होता, व तोही गेल्या कित्येक दशकांतील सर्वांत प्रबळ अवस्थांपैकी एक होता. साजी, गोस्वामी, विनयचंद्रन व यामागाता यांनी १९९९ साली वर्णिलेल्या या घटनेत महासागराचा पश्चिम भाग सरासरीपेक्षा उष्ण व सुमात्रा-जावाजवळचा भाग थंड होतो. साहजिकच हवेचे ऊर्ध्वगमन पश्चिमेकडे सरकते. पूर्व आफ्रिकेतील त्या वर्षअखेरच्या महापुरांचा आणि ऑस्ट्रेलियातील अनावृष्टीचा संबंधही याच स्थितीशी जोडला जातो. आपल्याकडे मोसमी पाऊस परतण्यास ९ ऑक्टोबर उजाडला. इतक्या उशिरा परतीस प्रारंभ झाल्याचे पूर्वी नोंदलेले नाही.

तथापि सर्व श्रेय द्विध्रुवास देणे उचित होणार नाही. ‘वायु’ हे वादळ जूनमध्येच, द्विध्रुव ऐन भरात येण्यापूर्वी, निर्माण झाले होते. मोसमी पाऊस केरळात ८ जूनला पोहोचला आणि लगोलग हे वादळ उठले. गुजरातेत वेरावळ-दीवच्या रोखाने येत असताना सुमारे तीन लाख लोकांना हलवावे लागले. १३ जूनच्या सुमारास मात्र ते किनाऱ्याजवळून पश्चिमेस वळले. त्याने मोसमी प्रवाहातील बाष्प आपल्याकडे ओढून घेतल्यामुळे पावसाची आगेकूच खुंटली व मुंबईस तो २५ जूनला लागला. वादळ किनाऱ्यास न लागताही शेतकऱ्याचे वेळापत्रक कसे बिघडवते, याचे हे चांगले उदाहरण होय.

सप्टेंबरअखेरच्या ‘हिका’ने ओमानचा दुकमजवळचा किनारा गाठला, आकाराने ते लहानच होते. खरे लक्षवेधी वादळ ऑक्टोबरातील ‘क्यार’ हे. (हे नाव म्यानमारने सुचविलेले असून त्या भाषेत त्याचा अर्थ वाघ असा होतो.) २४ ऑक्टोबरला कोकणाच्या पश्चिमेस अवदाब तयार झाला आणि अवघ्या तीन दिवसांत, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, त्याचे महाचक्री वादळ झाले. २००७ च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रात ही श्रेणी प्रथमच गाठली गेली. केंद्रस्थानी वायुभार ९२२ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला व वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर झाला. असे असून हे वादळ भूमीस लागलेच नाही. पश्चिमेकडे व पुढे नैर्ऋत्येस सरकत ते समुद्रावरच विरले. कोकणात व गोव्यात त्याने कापणीस आलेले भात भिजविले. दूरवर कराचीच्या व संयुक्त अरब अमिरातीच्या किनारी वस्तीत उधाणाचे पाणी शिरले.

‘क्यार’ जिवंत असतानाच लक्षद्वीपनजीक ‘महा’ उठले. अरबी समुद्रात एकाच वेळी दोन चक्री वादळे नांदणे ही अत्यंत विरळा घटना आहे. ‘महा’ आधी वायव्येस गेले, मग माघारी फिरून सौराष्ट्राच्या दिशेने आले, आणि किनाऱ्यापाशी येईतो क्षीण झाले. प्रबळ वादळ आपल्या मार्गावरील पाणी घुसळून थंड करून जाते, हे सर्वश्रुत आहे. ‘क्यार’च्या मार्गाचा ‘महा’वर किती परिणाम झाला, हा विषय एखाद्या पदव्युत्तर प्रबंधास पुरेसा आहे. डिसेंबरात सोमालियास लागलेल्या ‘पवन’ने तेथील कोरड्या भूमीवर पाऊस पाडला व टोळधाडीच्या प्रजननास हातभार लावला.

उपसागराची कथा वेगळी आहे. एप्रिलअखेर विषुववृत्तानजीक जन्मलेले ‘फनी’ जवळजवळ आठवडाभर उष्ण पाण्यावर वाढत राहून ३ मे रोजी पुरीजवळ किनाऱ्यास आदळले. ओडिशाने बारा लाखांहून अधिक लोक आधीच हलविले होते, म्हणून १९९९ च्या महावादळात दहा हजारांच्या घरात गेलेली प्राणहानी या वेळी शंभराच्या आत राहिली. ‘क्यार’ वेगाने थोर, पण हानीने ‘फनी’पुढे नगण्य. वर्षाची ‘तीव्रता’ मोजताना आपण नक्की काय मोजतो, हा प्रश्न येथे टाळता येत नाही.

आता १९०२ कडे वळू. त्या काळी अरबी समुद्रावरील निरीक्षणे म्हणजे गलबतांची व आगबोटींची रोजनाम्यांतील टिपणे आणि किनाऱ्यावरील मोजकी वेधस्थाने. जहाजांच्या वाटांपासून दूर उठलेले ‘हिका’सारखे लहान वादळ तेव्हा कोणाच्या नजरेस पडले असते, असे खात्रीने म्हणता येणार नाही, आणि ‘क्यार’च्या केंद्रात शिरलेले जहाज वायुभार कळविण्यासाठी परत आले असते की नाही, याचीही शंकाच आहे. म्हणजे १९०२ ची पाच ही संख्या किमान समजावयाची. तीव्रतेची तुलना तर करूच नये. उपग्रहांच्या नियमित निरीक्षणांपूर्वीच्या आकड्यांवरून वाढीची रेषा ओढणाऱ्यांनी हे पथ्य पाळावयास हवे.

याचा अर्थ वाढ नाहीच, असा मात्र नव्हे. पश्चिम हिंदी महासागराचे उन्हाळी पृष्ठतापमान १९०१ ते २०१२ या काळात सुमारे १.२ अंशांनी चढल्याचे रॉक्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले आहे. द्विध्रुव येतो व जातो. त्याच्याखालची ही तापलेली पातळी मात्र राहते. २०१९ चा द्विध्रुव ओसरल्यावर, ३ जून २०२० रोजी, ‘निसर्ग’ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यास लागलेच. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ कोकण किनाऱ्याला समांतर जात गुजरातेत पोहोचले.