चुली वाढल्या, घरांचे काय?

यवतमाळ म्हटले की आपणां शहरवासीयांच्या डोळ्यांपुढे फुटलेल्या कपाशीचे शेत उभे राहते. त्यात राबणाऱ्याचे घर सहसा दिसत नाही. २००१ च्या शिरगणतीत या जिल्ह्यात २४,५८,२७१ माणसे होती. २०११ साली ती २७,७२,३४८ झाली. दहा वर्षांत तीन लाखांवर भर! आणि यातली शंभरांपैकी अठ्ठ्याहत्तर माणसे खेड्यांत राहणारी.

परंतु घरांची गरज नुसती डोकी मोजून कळत नाही. चुली मोजाव्या लागतात. मुलांची लग्ने झाली, शेताची वाटणी झाली, की एकाच छपराखाली दोन चुली पेटतात. पूर्वी कुडाच्या भिंती आणि शेणमातीचा लेप यांवर भागे. आता सिमेंट, सळई, पत्रे, सारेच विकत आणायचे.

२०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत सपाटीवरच्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये ठरले. ठीकच झाले. पण घर उभारायचे कशावर? भूमिहीन मजुराच्या किंवा पोडावर राहणाऱ्या कोलामाच्या नावे जागाच नसेल, तर घरकुल अडून बसते. तेव्हा आधी जागेचा प्रश्न सुटला पाहिजे, विटांचा त्यानंतर. दिवाळीची पणती ठेवायलासुद्धा स्वतःचा उंबरठा लागतो!