इयादतही इबादतच

मगरीबची अजान व्हायला दहा-पंधरा मिनिटे उरलेली असतात. दसरा चौकात घराकडे निघालेल्यांची घाई असते. तिथून जवळच, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे कोल्हापूरकरांच्या सीपीआरमध्ये, एखादा मुलगा वॉर्डाबाहेर रुमाल पसरून चार खजूर आणि पाण्याची बाटली मांडतो. आत त्याची आई कॉटवर पडून असते. तिच्या हाताला सलाईन आहे, तिला रोजा नाही. तरी तिचे लक्ष सारखे घड्याळाकडे. लहानपणापासून एकही रोजा चुकला नव्हता, यंदाच काय झाले, हे ती सिस्टरला सांगते, शेजारच्या कॉटवरच्या बाईला सांगते, सांगून झाले की डोळे पुसते. रमजानमध्ये कुठल्याही मोठ्या दवाखान्यात जावे, अशी एखादी अम्मी, एखादे चाचा भेटतातच.

खरे तर त्यांनी रडावे असे काही घडलेले नसते. पवित्र कुरआनने रोजे फर्ज केले, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलतही दिली. बरे वाटल्यावर राहिलेले रोजे पूर्ण करायचे. कायमचा आजार किंवा थकलेले वय असेल, तर प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवू घालायचे. त्याला फिदिया म्हणतात. हे बहुतेकांना ठाऊक असते, पण ठाऊक असणे वेगळे आणि मनाला पटणे वेगळे. डॉक्टर 'उपवास करायचा नाही' म्हणतात, तेव्हा तो आजाऱ्याला दवाखान्याचा नियम वाटतो. तेच एखाद्या मौलानांनी कॉटशेजारी बसून सांगितले, की ही सवलत अल्लाहनेच दिली आहे आणि ती घेण्यात गुन्हा नाही, तर त्या अम्मीला त्या रात्री शांत झोप लागते.

असे सांगणारा कुणी भेटला नाही, की आजारी माणूस आपल्या परीने मार्ग काढतो. सकाळची गोळी उशीखाली जाते. मधुमेहाचा रुग्ण इन्सुलिन तर घेतो, पण समोरची पेज तशीच ठेवतो आणि दुपारी घामाघूम होऊन ग्लानीत जातो. साखर अशी एकाएकी खाली येणे जिवावर बेतू शकते. डॉक्टरांनी किंवा सिस्टरनी न रागावता नुसते विचारले, 'मावशी, रोजा आहे का?', तरी यातले पुष्कळ टळेल. रुग्णाची आध्यात्मिक देखभाल म्हटले की काहीतरी मोठे, परदेशी वाटते. तिची सुरुवात या एका प्रश्नापासून होते.

उर्दूत इलाज आणि शिफा हे दोन वेगळे शब्द आहेत. इलाज हकीम किंवा डॉक्टर करतो. शिफा म्हणजे बरे होणे, ती अल्लाहकडून येते अशी श्रद्धा आहे. इलाज मराठीने केव्हाच आपलासा केला, शिफा मात्र तिकडेच राहिली. जुन्या काळी दवाखान्याला शिफाखाना म्हणत. आणखी एक शब्द आहे, इयादत. आजाऱ्याला भेटायला जाणे, त्याची विचारपूस करणे. इस्लाममध्ये हा एका मुसलमानावर दुसऱ्याचा हक्कच मानला आहे. हक्क आजाऱ्याचा आहे, भेटायला जाणाऱ्याने केलेले ते उपकार नव्हेत.

इ. स. ६२७ मध्ये मदिनेत खंदकाची लढाई झाली. त्यात हजरत साद बिन मुआज जबर जखमी झाले. त्यांच्यासाठी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मशिदीतच तंबू ठोकायला लावला. कारण साधे होते: जवळून विचारपूस करता यावी. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा यांचे नाव याच तंबूशी जोडलेले आहे. जखमी माणसाला वस्तीपासून दूर न ठेवता माणसांच्या मधोमध ठेवले गेले, ही यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट.

पुढे मुस्लिम जगात बीमारिस्तान उभे राहिले. कैरोत १२८४ मध्ये सुलतान कलावूनने बांधलेला मन्सूरी बीमारिस्तान सर्वांत प्रसिद्ध. तो वक्फच्या उत्पन्नावर चाले. स्त्री-पुरुष, गरीब-श्रीमंत सर्वांना तिथे प्रवेश होता. वक्फनाम्यात औषधांबरोबर, उन्हाळ्यात रुग्णांना वारा घेण्यासाठी खजुराच्या पानांच्या पंख्यांचीही तरतूद होती. झोप न येणाऱ्यांसाठी गाणारे आणि गोष्टी सांगणारे असत. बरा होऊन निघालेल्या रुग्णाच्या हातावर काही रक्कम ठेवली जाई, म्हणजे अशक्त अंगाने त्याला लगेच मजुरीला जावे लागू नये. तुर्कस्तानात एदिर्ने येथे सुलतान बायजीद दुसरा याने १४८८ मध्ये उभारलेल्या दवाखान्यात घुमटाखाली कारंजे होते. सतराव्या शतकातला प्रवासी एवलिया चेलेबी लिहितो, की तिथे आठवड्यातून तीनदा गायक-वादक येत आणि मनोरुग्णांना गाणे-बजावणे ऐकवत. आज तिथे आरोग्याचे संग्रहालय आहे.

इतक्या लांब कशाला, शेजारचे मिरज आहेच. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत प्लेगने आजारी पडले, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गाऊन दुवा मागितली आणि ते उठले, असे सांगतात. त्यांची कबरही त्याच दर्ग्यात आहे. त्याच मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण रुग्ण सर्व जातिधर्मांचे येत. ऑपरेशन वानलेसमध्ये आणि नवस मीरासाहेबांना, यात मिरजेच्या माणसाला कधी विसंगती वाटली नाही.

आता विज्ञानही याच्या जवळपास येते आहे. अमेरिकेत रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाचे ऑपरेशन झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधेही कमी कडक लागली. सीपीआरच्या समोर टाऊन हॉलची बाग आहे, जुनी मोठी झाडे आहेत. आपल्याकडच्या किती कॉट अशा झाडांकडे तोंड करून असतात? लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स सांगत, की असाध्य रुग्णाचे दुखणे शरीरापुरते नसते. मनाचे, नात्यांचे आणि श्रद्धेचे दुखणेही त्यात मिसळलेले असते. भारतातली या धर्तीची पहिली संस्था, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे उभी राहिली.

शांततेचे काय? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि रात्री अशा क्षेत्रातली मर्यादा ४० डेसिबलची. मिरवणुकीतल्या डॉल्बीबद्दल सगळेच बोलतात. सहेरीला उठवण्यासाठी लागणाऱ्या भोंग्याबद्दलही बोलायला हवे. ज्याला रात्रभर कळा आल्या आणि पहाटे कुठे डोळा लागला, त्याची झोप मोडून कुणाच्या रोजाची बरकत वाढणार आहे? आता प्रत्येकाच्या उशाशी मोबाईलचा गजर आहे.

इयादतीलाही अदब आहे. थोडा वेळ बसावे, धीर द्यावा, दुवा करावी, निघावे, असे उलेमांनी सांगून ठेवले आहे. आपल्याकडे मात्र सात-आठ जण कॉटभोवती उभे राहतात, मोसंबीची पिशवी ठेवतात आणि याच दुखण्याने पाहुण्यांपैकी कोण गेले याची हकीकत रुग्णाच्या तोंडावर सांगतात. कुणी ताईत आणतो आणि गोळ्या बंद करायला सुचवतो. ही रुग्णाची सेवा नाही. प्रेषितांनी औषधोपचार करण्यास सांगितले आहे. दुवा औषधासोबत असते, औषधाच्या जागी नसते.

२०२० च्या रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ईदचा खर्च टाळला आणि दानातून ३६ लाख रुपये उभे करून इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयाला अतिदक्षता विभाग दिला. ईदच्या दिवशी, २५ मे रोजी, तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ऑनलाइन उद्घाटन केले. ती खाट कुणासाठी, हे कुणी विचारले नाही. जिल्ह्याने अभिमान बाळगावा असे ते काम. पण त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली. यंत्रे होती, प्राणवायू होता, रात्रंदिवस राबणारे डॉक्टर आणि सिस्टर होत्या. फक्त इयादत बंद होती. बाप आत, मुलगा फाटकाबाहेर. शेवटचा कलमा कानात सांगायला किंवा गंगाजलाचा थेंब तोंडात घालायला घरचे कुणी नाही. कित्येक घरांत ती सल अजून आहे.

म्हणून यंदा दान काढताना यंत्रांच्या जोडीने थोडा वेगळाही विचार व्हावा. जकात मुख्यतः गरजू माणसाच्या हाती पडावी लागते, तिचे नियम वेगळे; औषधांना पैसे नसलेला रुग्ण तिचा हक्कदार आहेच. सदका आणि वक्फ मात्र संस्थेच्याही कामी येतात. वॉर्डात दोन कॉटमध्ये पडदा, म्हणजे अम्मीला तयम्मुम करून पडल्या-पडल्या नमाज पढता येईल आणि शेजारच्या आजींना जपमाळ ओढता येईल. नातेवाइकांना रात्री पाठ टेकायला बाकडी. दवाखान्यात एखादी मूर्ती किंवा तसबीर नसलेली, सर्वांसाठी मोकळी अशी शांत खोली. मौलाना, महाराज, फादर यांचे फोन नंबर सिस्टरच्या टेबलावर, आणि रुग्णाने मागितल्याशिवाय त्यांच्यापैकी कुणीही यायचे नाही, हा कडक नियम. मशिदींतून तरुणांची नावे घेऊन, ज्याच्याकडे कुणीच येत नाही अशा रुग्णाजवळ आठवड्यातून एक तास बसण्याची पाळी लावता येईल. रुग्ण कुठल्या धर्माचा हे न विचारता. याला तर पैसेही लागत नाहीत.

आणि प्रत्येक कॉटशेजारी एक खुर्ची. अजान झाली की बाहेर एकट्याने खजूर तोंडात टाकणारा तो मुलगा आत येऊन आईजवळ बसू शकेल. तिने पाण्याचा घोट घ्यायचा, मग त्याने.