टर्नटेबल आणि कार्ट्रिज : बेताच्या खर्चात सुधारणा

टर्नटेबलमध्ये प्रत्येक भागाचे काम ठरलेले असते. प्लॅटरने रेकॉर्ड एका गतीने, स्वतःचा आवाज न करता फिरवायची. टोनआर्मने कार्ट्रिजला नेमक्या कोनात धरायचे. खाचेच्या भिंतींवरून जाताना सुई थरथरते आणि त्या थरथरीचे विद्युतसंकेत होतात ते मात्र कार्ट्रिजमध्येच. म्हणून हात राखून खर्च करायचा असेल, तर पहिला पैसा सुईवर घालावा. यंत्राचा विचार मागाहून.

याला अपवाद सूटकेसच्या आकाराच्या स्वस्त प्लेअरचा. त्यांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते, सुईचा रेकॉर्डवरचा भार ५ ग्रॅमच्या आसपास असतो आणि तो कमी करायला टोनआर्मच्या मागे वजनच नसते. तिथे नवी सुई घालून फारसे साधत नाही. रेगा प्लेनर १ किंवा प्रो-जेक्टच्या डेब्यू मालिकेतले यंत्र घेणे हाच मार्ग. १९७२ साली आलेले टेक्निक्सचे एसएल-१२०० जुन्या बाजारात सुस्थितीत मिळाले, तर तेही उत्तम.

मध्यम किमतीची बहुतेक कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेट प्रकारची असतात. त्यांचा संकेत सुमारे ३ ते ५ मिलिव्होल्टचा असतो आणि कोणताही साधा फोनो प्रीॲम्प तो पेलतो. मूव्हिंग कॉइलचा संकेत बहुधा त्याच्या दशांशाइतकाच असतो; त्यासाठी वेगळा प्रीॲम्प लागतो आणि झिजलेली सुई घरी बदलता येत नाही. बेताच्या खर्चात त्या वाटेला जाऊ नये.

खरा फरक सुईच्या टोकाच्या आकाराने पडतो. बारा इंची एलपीच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर धावते. मध्याजवळ हाच वेग जेमतेम २१ सेंटिमीटर उरतो. तेवढेच संगीत कमी लांबीत कोंबलेले असल्यामुळे तिथली वळणे बारीक होतात. शंकूच्या आकाराची गोल सुई त्यांत पुरती शिरत नाही आणि बाजू संपता संपता ‘स’, ‘श’ फाटल्यासारखे ऐकू येतात. लंबवर्तुळाकार सुईची कड अधिक अरुंद, त्यामुळे हा दोष कमी होतो. मायक्रोलिनिअर सुईने तो जवळजवळ जातो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत मूळ कार्ट्रिज तेच ठेवून सुई तेवढी ओढून काढता येते. कंपनीच्या अंदाजाप्रमाणे तिची लंबवर्तुळाकार सुई सुमारे ३०० तास चालते, मायक्रोलिनिअर सुमारे १,००० तास. महाग वाटणारी सुई तासांच्या हिशेबात फार महाग पडत नाही. ऑर्टोफोनच्या २एम रेडमध्येही २एम ब्लूची सुई थेट बसते.

चांगली सुई वाकडी बसवली तर पैसे वाया गेलेच. कार्ट्रिजला जोडायच्या चार तारांचे रंग ठरलेले असतात : पांढरा आणि निळा डाव्या बाजूचे, लाल आणि हिरवा उजव्या बाजूचे. तारा चिमट्याने टोपणाला धरून लावाव्यात, ओढू नयेत. मग टोनआर्म हवेत आडवा तरंगेल असे मागचे वजन फिरवावे, त्यावरचा आकडा शून्यावर आणावा आणि कंपनीने सांगितलेला भार द्यावा. व्हीएम९५च्या एलपीच्या सुयांना तो २ ग्रॅम लागतो. छोटा डिजिटल काटा घेतल्यास खात्री होते. भार कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते, हा समज चुकीचा आहे. सैल सुई उसळून भिंतींवर आदळते आणि खाच खरवडते. शेवटी छापील प्रोट्रॅक्टरवर, त्याने दाखवलेल्या बिंदूंपाशी, कार्ट्रिजची बाजू रेषेला समांतर आणावी. मायक्रोलिनिअर सुईला ही जुळणी विशेष काटेकोर लागते. प्लेनर १ च्या टोनआर्मची उंची बदलता येत नाही, म्हणून कार्ट्रिजची उंची आधीच पाहावी.

बाकी कामे किरकोळ : सैल पट्टा बदलणे, यंत्र समतल ठेवणे, स्पीकरपासून दूर ठेवणे. रेकॉर्ड मात्र धुतलेल्याच असाव्यात, कारण धूळ सुईलाही झिजवते.

नाट्यसंगीताच्या जुन्या ७८ गतीच्या तबकड्या घरात असतील, तर त्यांवर एलपीची सुई लावू नये. त्यांची खाच कितीतरी रुंद असते आणि बारीक सुई तळाशी घासून खरखर वाढवते. व्हीएम९५ मालिकेत त्यांच्यासाठी एसपी नावाची जाड सुई मिळते. मात्र यंत्राला ७८ची गती हवी, आणि त्या सुईला ५ ग्रॅम भार लागत असल्याने एलपीकडे परतताना वजन पुन्हा मोजून लावावे.