शहरी हरित क्षेत्रांतील बहुपाद प्राण्यांचे सर्वेक्षण

शहरी हरित क्षेत्रांतील बहुपाद प्राण्यांचे सर्वेक्षण म्हणजे शहरातील उद्याने, टेकड्या, स्मशानभूमी, संस्थांची आवारे, घरगुती बागा आणि रस्त्याकडेची झाडी यांत राहणाऱ्या शतपाद व सहस्रपाद प्राण्यांचा ठरावीक पद्धतीने शोध घेऊन त्यांच्या जाती, संख्या आणि वसतिस्थाने यांची नोंद करणे होय. हे प्राणी पालापाचोळ्याखाली, दगडांखाली आणि मातीत दडून राहत असल्यामुळे शहरातील पक्षी, फुलपाखरे किंवा वृक्ष यांच्या तुलनेत त्यांची माहिती फार कमी असते. अशा सर्वेक्षणांतून कधी विज्ञानाला अपरिचित अशा जाती उघडकीस येतात, तर कधी कुंड्यांच्या मातीतून दूरदेशाहून आलेल्या जाती सापडतात. यांतील स्थानिक कोण आणि आगंतुक कोण, हे ठरविण्यासाठी एका भेटीतील यादी पुरत नाही. त्यासाठी एकाच पद्धतीने पुन्हा पुन्हा केलेल्या आणि नमुने जतन करणाऱ्या सर्वेक्षणाची गरज असते.

प्राण्यांची ओळख

बहुपाद हा संधिपाद प्राण्यांचा एक उपसंघ असून त्यात चार वर्ग आहेत. त्यांपैकी शतपाद आणि सहस्रपाद हे दोन वर्ग सर्वपरिचित आहेत. उरलेल्या दोन वर्गांतील प्राणी अत्यंत लहान, फिकट रंगाचे व मातीत राहणारे असतात. शतपादांना मराठीत गोम किंवा घोण म्हणतात. सहस्रपादांना वाणी म्हणतात, आणि स्पर्श होताच ते नाण्यासारखे वेटोळे करतात म्हणून त्यांना पैसा असेही नाव आहे. जगात सहस्रपादांच्या सुमारे १२,००० आणि शतपादांच्या ३,००० हून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे.

दोन्ही वर्गांतील फरक सोपा आहे. शतपादाच्या शरीराच्या प्रत्येक खंडावर पायांची एक जोडी असते आणि पहिल्या जोडीचे रूपांतर विषनख्यांत झालेले असते. तो शिकारी असून कीटक, गांडुळे व इतर लहान प्राणी खातो. सहस्रपादाच्या बहुतेक खंडांवर पायांच्या दोन जोड्या असतात. तो प्रामुख्याने कुजणारी पाने व लाकूड खातो. शतपादांच्या प्रौढांमध्ये पायांच्या जोड्यांची संख्या नेहमी विषम असते. ती १५ पासून १९१ पर्यंत आढळते, त्यामुळे नेमके शंभर पाय असलेला शतपाद सामान्यतः सापडत नाही. सहस्रपादांपैकी एक हजाराहून अधिक पाय असलेली एकच जाती ज्ञात आहे. यूमिलिपेस पर्सेफोनी असे तिचे नाव असून ऑस्ट्रेलियात जमिनीखाली खोलवर सापडलेल्या या जातीचे वर्णन २०२१ मध्ये झाले. तिच्या एका मादीला १,३०६ पाय होते.

सहस्रपाद पानांचे बारीक तुकडे करतात आणि त्यांच्या विष्ठेवर बुरशी व जीवाणू वाढतात. त्यामुळे पानांतील पोषकद्रव्ये मातीत परत जाण्यास मदत होते. शतपाद मातीतील लहान प्राण्यांच्या संख्येवर अंकुश ठेवतात. दोन्ही गटांच्या बाह्यत्वचेतून पाणी सहज निघून जाते, म्हणून त्यांना ओलाव्याची सतत गरज असते. त्यांना पंख नसतात आणि ते स्वतःहून दूर जाऊ शकत नाहीत. या दोन गोष्टींमुळे एखाद्या उद्यानातील जमिनीचा इतिहास समजून घेण्यास हे प्राणी विशेष उपयोगी पडतात. जुन्या, अबाधित मातीत टिकून राहिलेली जाती डांबरी रस्ता ओलांडून दुसऱ्या उद्यानात सहजासहजी पोहोचत नाही. एकदा ती नष्ट झाली, तर आपोआप परत येण्याची शक्यता कमी असते.

सर्वेक्षणाच्या पद्धती

कोणतीही एक पद्धत सर्व जाती दाखवीत नाही. म्हणून चांगल्या सर्वेक्षणात पुढील पद्धतींचा एकत्रित वापर केला जातो.

हाताने शोध: दगड, पडलेली लाकडे, कुंड्या आणि सैल साली उचलून प्राणी शोधले जातात व चिमट्याने उचलले जातात. शोधाची वेळ ठरवून घेतली, उदाहरणार्थ प्रत्येक ठिकाणी एका व्यक्तीने अर्धा तास, तर दोन उद्यानांची तुलना करता येते. उचललेला दगड पुन्हा तसाच ठेवणे हा या पद्धतीचा पाळावयाचा नियम आहे, कारण त्याखालील ओलावा हेच त्या प्राण्यांचे घर असते. मोठ्या गोमेचा दंश अतिशय वेदनादायक असतो. अनेक सहस्रपाद त्वचेला व डोळ्यांना दाह करणारे द्रव सोडतात, म्हणून त्यांना उघड्या हाताने धरणे टाळले जाते.

पालापाचोळा चाळणे व नरसाळे: ठरावीक मापाच्या चौकटीतील, उदाहरणार्थ २५ × २५ सेंटिमीटर, पालापाचोळा व वरची माती गोळा करून चाळली जाते. हा चाळ जाळी बसविलेल्या नरसाळ्यात ठेवून त्यावर दिवा लावतात. वरून माती सुकू लागली की प्राणी अंधार व ओलावा शोधत खाली सरकतात आणि तळाच्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. इटलीचे आंतोनियो बर्लेझे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे नरसाळे तयार केले आणि स्वीडनचे आल्बर्ट टुलग्रेन यांनी त्यात दिव्याचा वापर केला. म्हणून ते त्या दोघांच्या नावाने ओळखले जाते. लहान जातींसाठी ही पद्धत सर्वांत उपयुक्त आहे. मात्र मोठे प्राणी जाळीतून जात नाहीत आणि मंद हालचालीचे काही प्राणी वाटेतच सुकून मरतात.

खड्डा-सापळे: पेल्याच्या आकाराचे भांडे तोंड जमिनीच्या पातळीला येईल असे पुरले जाते. रात्री फिरणारे प्राणी त्यात पडतात. या सापळ्यांत मिळालेली संख्या केवळ प्राणी किती आहेत हे सांगत नाही. ते किती फिरतात याचाही तीत वाटा असतो. त्यामुळे जमिनीवर धावणारे शतपाद जास्त दिसतात, तर मातीत बिळासारख्या फटींतून सरपटणारे लांब, बारीक शतपाद जवळजवळ दिसतच नाहीत. सार्वजनिक उद्यानात सापळ्यावर छोटे छप्पर लावणे आणि माणसांना व पाळीव प्राण्यांना घातक ठरेल असा द्रव न वापरणे आवश्यक असते.

रात्रीची पाहणी: विजेरीच्या प्रकाशात झाडांची खोडे, भिंती व पायवाटा तपासल्या जातात. सहस्रपादांच्या काही जाती अतिनील प्रकाशात चमकतात, त्यामुळे तशा विजेरीनेही शोध घेता येतो.

सर्वेक्षणाचा काळ निवडणेही तितकेच महत्त्वाचे आहे. समशीतोष्ण प्रदेशात वसंत व शरद ऋतू अनुकूल असतात. मोसमी पावसाच्या प्रदेशात पावसाळ्याच्या आरंभी हे प्राणी मोठ्या संख्येने पृष्ठभागावर येतात आणि कोरड्या महिन्यांत मातीत खोल जातात. उन्हाळ्यात घेतलेल्या नमुन्यात एखादी जाती आढळली नाही, म्हणजे ती त्या ठिकाणी नाही असे म्हणता येत नाही.

ओळख पटविणे

गोळा केलेल्या नमुन्याची ओळख पटविणे हा सर्वेक्षणातील सर्वाधिक वेळखाऊ भाग होय. सहस्रपादांच्या बहुसंख्य गटांत नराच्या शरीराच्या पुढील भागातील पायांचे रूपांतर प्रजनन-अवयवांत झालेले असते आणि त्यांचा आकार प्रत्येक जातीत वेगळा असतो. म्हणून प्रौढ नर हाती नसल्यास अनेकदा जातीचे नाव सांगता येत नाही. सहस्रपादाची पिल्ले सामान्यतः पायांच्या तीन जोड्यांसह अंड्यातून बाहेर पडतात आणि प्रत्येक कात टाकताना त्यांचे खंड व पाय वाढत जातात. त्यामुळे पिल्लांवरून जाती ठरविणे अधिकच कठीण असते. शतपादांमध्ये पायांच्या जोड्यांची संख्या, विषनख्यांची रचना, दात आणि शेवटच्या पायांवरील काटे तपासले जातात.

नमुने सामान्यतः ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले जातात. डीएनए तपासायचे असल्यास ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोल वापरतात. प्रत्येक बाटलीत ठिकाण, तारीख, वसतिस्थान, पद्धत आणि संग्राहकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी टाकली जाते. चिठ्ठी नसलेला नमुना शास्त्रीय दृष्ट्या जवळजवळ निरुपयोगी ठरतो. छायाचित्रांवरून मोठ्या व ठळक जाती ओळखता येतात, परंतु लहान जातींच्या बाबतीत छायाचित्र हा पुरावा अपुरा पडतो.

भारतात राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतील वन्यजीवांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. त्यामुळे मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या शहराला लागून असलेल्या संरक्षित क्षेत्रात नमुने गोळा करण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी लागते.

नोंदींचे विश्लेषण

सर्वेक्षणात सापडलेल्या जातींची संख्या ही प्रत्यक्षातील संख्येपेक्षा जवळजवळ नेहमीच कमी असते. न सापडलेल्या जातींचा अंदाज बांधण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ अॅन चाओ यांनी १९८४ मध्ये मांडलेली पद्धत प्रचलित आहे. तिच्या मागील विचार असा की, ज्या जातींचा एकच नमुना मिळाला त्यांची संख्या मोठी असेल, तर अद्याप न दिसलेल्या जातीही बऱ्याच असाव्यात. एकच नमुना मिळालेल्या जातींच्या संख्येचा वर्ग करून, त्याला दोनच नमुने मिळालेल्या जातींच्या संख्येच्या दुपटीने भागले जाते आणि येणारी संख्या सापडलेल्या जातींत मिळविली जाते. समजा, एका उद्यानात १२ जाती सापडल्या. त्यांपैकी ४ जातींचा एकेकच आणि २ जातींचे दोन-दोन नमुने मिळाले. तर १६ भागिले ४ म्हणजे ४ ही संख्या मिळवून किमान १६ जाती असाव्यात असा अंदाज निघतो. ही यादी पूर्ण नाही हे अशा गणिताने स्पष्ट होते आणि पुढील फेरीची गरज दाखविता येते.

एका दिवसात शक्य तितक्या जाती नोंदविण्याचे उपक्रम अनेक शहरांत होतात. १९९६ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन शहराच्या केनिलवर्थ उद्यानात असा पहिला उपक्रम झाला. लोकांचा सहभाग वाढविण्यासाठी तो उपयुक्त असला, तरी मातीतील प्राण्यांच्या बाबतीत चोवीस तासांची नोंद ही केवळ सुरुवात असते.

उल्लेखनीय उदाहरणे

न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क हे एकोणिसाव्या शतकात आखणी करून, जमीन घडवून आणि झाडे लावून तयार केलेले उद्यान आहे. त्याच्या शेजारीच अमेरिकन नैसर्गिक इतिहास संग्रहालय आहे. या संग्रहालयाच्या अभ्यासकांनी उद्यानातील पालापाचोळ्याचे नमुने घेतले असता त्यात सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा आणि पायांच्या ४१ जोड्या असलेला शतपाद मिळाला. बहुपादांचे तज्ज्ञ रिचर्ड हॉफमन यांना तो ओळखीच्या कोणत्याही जातीशी जुळता वाटला नाही, म्हणून तो इटलीतील तज्ज्ञांकडे पाठविण्यात आला. त्याच्यासाठी नवी प्रजाती (जवळच्या जातींचा गट) स्थापन करावी लागली आणि २००३ मध्ये त्याचे नॅनारप हॉफमनी या नावाने वर्णन झाले. नवी जाती असली, तरी ती मूळची न्यूयॉर्कची नसावी असे मत तेव्हापासूनच होते, कारण तिचे जवळचे नातेवाईक पूर्व आशियात आढळतात. २०२२ मध्ये जपानमधून याच प्रजातीतील आणखी दोन जातींचे वर्णन झाले आणि या मताला बळ मिळाले. ती बहुधा वनस्पतींच्या मुळांभोवतीच्या मातीतून आली असावी.

याउलट उदाहरण दक्षिण कॅलिफोर्नियातील आहे. लॉस एंजेलिस महानगर परिसरातील व्हायटिंग रँच या उद्यानात निसर्गनिरीक्षकांना दोऱ्यासारखा बारीक, आंधळा व फिकट सहस्रपाद आढळला. २०२३ मध्ये इलॅक्मे सोकाल या नावाने त्याचे वर्णन झाले. त्याच्या एका नमुन्याला ४८६ पाय होते. त्याच्या प्रजातीतील आणखी एक जाती कॅलिफोर्नियातच असून ती १९२६ नंतर थेट २००५ मध्ये पुन्हा सापडली होती. म्हणजे हा सहस्रपाद त्या भूमीचा मूळ रहिवासी असून, लक्षावधी माणसांच्या वस्तीशेजारी तो तोवर नावाशिवाय राहत होता.

या दोन्ही जाती सापडल्या तेव्हा विज्ञानाला सारख्याच अपरिचित होत्या. एक प्रवासी आणि दुसरी स्थानिक, हा फरक जतन केलेल्या नमुन्यांची इतर ठिकाणच्या नमुन्यांशी तुलना केल्यावरच कळू शकला.

परकीय जाती

रोपवाटिका, कुंड्या व आयात माती यांमुळे काही सहस्रपाद जगभर पसरले आहेत. मूळचा पूर्व आशियातील ऑक्सिडस ग्रॅसिलिस हा थंड देशांत काचगृहांतही आढळतो. मूळचा आग्नेय आशियातील, विटकरी रंगाचा ट्रिगोनियुलस कोरॅलिनस हा भारतासह अनेक उष्ण देशांत पावसाळ्यात बागांत व भिंतींवर दिसतो. बहुतेक परकीय जाती उपद्रवी नसतात, परंतु अपवाद घडतात. मूळच्या पोर्तुगाल व स्पेनमधील ओमाटोयुलस मोरेलेटी या सहस्रपादाची ऑस्ट्रेलियातील पहिली नोंद १९५३ मध्ये पोर्ट लिंकन येथे झाली. पुढे तो दक्षिण ऑस्ट्रेलियातील वस्त्यांत इतका वाढला की शरद ऋतूत घरांत शिरणाऱ्या झुंडींमुळे तो उपद्रवी ठरला. नियमित सर्वेक्षण असल्यास अशी आगमने लवकर ध्यानात येतात.

व्यवस्थापनातील उपयोग

शहरातील उद्यानांत पाने झाडून जाळण्याची किंवा कचऱ्यात टाकण्याची प्रथा सर्रास आढळते. त्यामुळे सहस्रपादांचे अन्न आणि दोन्ही गटांचा निवारा एकाच वेळी नाहीसा होतो. सतत कापलेली हिरवळ, पायांखाली घट्ट झालेली माती आणि कीटकनाशके यांचाही प्रतिकूल परिणाम होतो. झाडांखालचा पालापाचोळा काही भागांत तसाच ठेवणे, पडलेले ओंडके न हलविणे आणि जुन्या वृक्षांभोवतीची माती न उकरणे हे कमी खर्चाचे उपाय आहेत. त्यांचा परिणाम होतो की नाही, हे उपायांपूर्वी आणि नंतर एकाच पद्धतीने केलेल्या मोजणीवरूनच कळते. उद्यानाचे नूतनीकरण किंवा टेकडीवर बांधकाम करण्यापूर्वी मोजणी झालेली नसेल, तर तेथे काय होते हे नंतर सांगता येत नाही.