कोटाच्या बटणांवर मोजलेली मुलं

लुईस हाइन हा न्यूयॉर्कमधला शाळामास्तर. १९०८ साली नोकरी सोडून तो अमेरिकेच्या राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी फोटो काढू लागला. कापड गिरण्या, कोळशाच्या खाणी, काचेचे कारखाने, सगळीकडे तेव्हा लहान मुलं राबत होती. मालक कॅमेरा आत येऊ देणार नाहीत, म्हणून हा कधी बायबल विकणारा होऊन जाई, कधी यंत्रांचे फोटो काढणारा. मुलांची उंची तो आपल्या कोटाच्या बटणांवरून ताडायचा आणि खिशातल्या हातानं गुपचूप टिपून घ्यायचा! ही युक्ती मला त्याच्या फोटोंइतकीच थोर वाटते. वय, काम, ठिकाण अशी नोंद फोटोसोबत असली की ‘पोरं नुसती मदतीला येतात’ ही सबब टिकत नसे.

१९१६ मध्ये बालमजुरीला आळा घालणारा केंद्रीय कायदा झाला, पण दोनच वर्षांत सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. टिकाऊ कायद्यासाठी १९३८ उजाडावं लागलं.

समितीचे ५,०००हून अधिक फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. कॅरोलायनातल्या सूतगिरण्यांमधल्या मुलींचे फोटो आधी बघा, आणि त्यांखालच्या नोंदीही वाचा.