जप्त जनावर कुठे जाते?

गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाताना गोरेगाव लागते. तालुका धानाचा, एका अंगाला नागझिऱ्याचे जंगल. रोवणी आटोपली की गावात भांडणाचे एक जुने कारण पुन्हा डोके वर काढते: कोणाचे ढोर कोणाच्या बांधीत शिरले? उन्हाळाभर मोकळी हिंडलेली जनावरे आता आखरावर गोळा करून गायकीच्या, म्हणजे गावच्या गुराख्याच्या, हवाली करायची असतात. त्यातूनही एखादे निसटले आणि धानात सापडले, तर त्याची वाट कोंडवाड्याकडे जाते.

कोंडवाडा म्हणजे चार भिंती आणि एक फाटक, इतकेच आपण पाहतो. त्यामागे १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा उभा आहे. पीक खाणारे जनावर शेतकऱ्याने धरावे आणि चोवीस तासांत कोंडवाड्यात पोचवावे. राखणदाराने त्याचे वर्णन, आल्याची वेळ आणि धरणाऱ्याचे नाव वहीत लिहावे. मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून ते सोडवावे. सात दिवसांत कोणी आले नाही तर पोलिसांना कळवावे, नोटीस लावावी आणि आणखी सात दिवसांनी लिलाव करावा. या कायद्याने ‘गुरे’ कशाला म्हटले ते वाचण्यासारखे आहे. गाय-म्हैस तर आहेच, पण हत्ती, उंट, घोडा, गाढव, डुक्कर, मेंढी, बकरी हेही त्यात आले. कागदावर तरी या फाटकातून उंटही आत जाऊ शकत होता.

पण कोंडवाड्याला जनावराच्या भल्याशी कर्तव्य नव्हते. पीक वाचले की त्याचे काम झाले. जनावराला आसरा देणारी संस्था वेगळ्या वाटेने आली. मुंबईत १८३२ साली इंग्रजांनी भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला तेव्हा दंगल उसळली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी पांजरापोळ उभारली. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध काम करणारी संस्था मुंबईत १८७४ मध्ये आली. विदर्भात जनावरांना आसरा देण्याचे काम बहुतेक ठिकाणी ‘गोरक्षण’ या नावाने चालते. नावातच गाय आहे, आणि गव्हाण, दावण, तणस, कुटार अशी सगळी मांडणीही गायीच्याच मापाची.

आज या संस्थांकडे येणारी बरीच जनावरे पोलीस ठाण्यातून येतात. कोहमाऱ्याला मुंबई-कोलकाता महामार्ग मिळतो. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमा जवळ आहेत. मार्च २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. कोंबून भरलेली गाडी अडवली की गुन्हा नोंदवता येतो, गाडी ठाण्याच्या आवारात लावता येते. जनावरांचे तसे नाही. कायद्याच्या भाषेत तीही मुद्देमालच, पण या मुद्देमालाला पाणी लागते, चारा लागतो, कधी वाटेतच तो वितो. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार खटला चालू असताना अशी जनावरे गोशाळेत किंवा पांजरापोळीत ठेवता येतात आणि त्यांच्या खर्चाचा भार मालकावर टाकता येतो. मात्र खटला लांबतो, वसुली त्याहून लांबते, आणि चाऱ्याचे पैसे तर रोजच मोजावे लागतात. राज्य सरकारने २०२४ मध्ये गोशाळांतल्या देशी गायींसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवले. बाकीच्या जनावरांचे पोट देणगीवर.

या व्यवस्थेची खरी परीक्षा विदर्भातच झाली, जानेवारी २०२२ मध्ये. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासर पोलिसांनी ५८ उंट ताब्यात घेतले. ते हैदराबादकडे कत्तलीला चालले आहेत, अशी तक्रार होती. सोबतच्या पाच जणांचे, कच्छच्या रबारी पशुपालकांचे, म्हणणे वेगळे होते: विदर्भात डेरे घेऊन फिरणाऱ्या आपल्या नातेवाइकांसाठी हे उंट आणले आहेत. उंटांची रवानगी अमरावतीच्या गोरक्षणात झाली. तिथल्या माणसांनी जमेल ते केले. पण उंट दावणीचे जनावर नाही. तो चालत चालत झाडपाला ओरबाडतो, बाभूळ-बोरीच्या काट्यांतून पाने वेचतो, दिवसभर हिंडतो. अखेर न्यायालयाने उंट पशुपालकांच्या ताब्यात दिले. क्रूरतेतून सोडवण्यासाठी जप्त केलेल्या कळपाला त्याची सवय नसलेल्या गोठ्यात उभे राहावे लागले, आणि त्याला चारायची विद्या ज्यांच्याकडे होती ते त्याच खटल्यात आरोपी होते. संशय आला तर पोलिसांनी गाडी किंवा कळप अडवायलाच हवा. प्रश्न त्यानंतरच्या पहिल्या रात्रीचा आहे.

उंटाच्या दक्षिण अमेरिकेतल्या भावंडांचा, लामा आणि अल्पाका यांचा अनुभव इथे कामाचा आहे. १९८४ पासून अमेरिकेत अल्पाका आयात होऊ लागले. लोकरीपेक्षा पैदाशीचाच धंदा फुगला, काही नरांना लाखो डॉलर मिळाले आणि २००८ च्या मंदीनंतर भाव कोसळले. खर्च झेपेना तसे लोकांनी कळप सोडून दिले, आणि ते सांभाळून नवे घर शोधणाऱ्या संस्था पुढे आल्या. त्या एकटे जनावर सहसा देत नाहीत, कारण ही जात कळपाशिवाय झुरते. वर्षाला अल्पाकाची लोकर कापणारा माणूस आहे का, नखे कापता येतात का, कुंपण कसे आहे, हे आधी विचारतात. एकट्याने, बाटलीच्या दुधावर वाढवलेला लामाचा नर मोठेपणी माणसालाच प्रतिस्पर्धी समजून अंगावर येऊ शकतो. तेही घेणाऱ्याला सांगतात. जनावर चांगल्या मनाच्या माणसाकडे गेले, एवढ्यावर त्यांचे समाधान होत नाही.

गोरेगावात अल्पाका यायचा नाही. पण म्हैस, गाढव, मेंढ्यांचा कळप किंवा रबाऱ्यांचा उंट ठाण्याच्या दारात उभा राहू शकतो. तेव्हा उपयोगी पडतील अशी माणसे तालुक्यात आहेत: पशुधन विकास अधिकारी, गावोगावचे गायकी, मेंढपाळ, आणि रोवणीच्या दिवसांत बैलजोडीसाठी अडलेला लहान शेतकरी. काही गोशाळा हमीपत्र लिहून घेऊन चांगले बैल शेतकऱ्यांना जोपासायला देतात. मधूनमधून जाऊन पाहिले तर ही रीत चोख चालते. कोणते जनावर कोण सांभाळू शकतो याची यादी ठाण्यात आणि नगर पंचायतीत आधीच तयार असावी. दीडशे वर्षांपूर्वी कोंडवाड्याच्या वहीत जनावर आल्याची वेळ लिहायचे बंधन होते. आता ते कोणाच्या हाती दिले, त्या माणसाला त्याचे काय कळते आणि महिन्याने जनावर कसे होते, हेही लिहायला हवे. त्याला फार खर्च येत नाही.