नववीचे दार

सोपारा हे जुने बंदर. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा इथे सापडला, आणि अरब प्रवाशांनीही या गावाचे नाव लिहून ठेवले. याच सोपाऱ्यात १९२० साली एका कोकणी मुस्लिम घरात रफिक झकेरिया यांचा जन्म झाला. लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट, महाराष्ट्राचे मंत्रिपद, औरंगाबादचे मौलाना आझाद महाविद्यालय ही त्यांची पुढची वाटचाल आपल्याला माहीत आहे. पण त्यांचे शालेय शिक्षण पुण्याच्या अँग्लो उर्दू हायस्कूलमध्ये झाले, आणि त्यानंतर ते जोगेश्वरीच्या इस्माईल युसुफ कॉलेजात शिकले. म्हणजे सोपाऱ्याच्या या मुलाला हायस्कूलसाठी घाट चढावा लागला.

तेव्हा मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेत असे. १९४९ पासून तिच्या जागी एस.एस.सी. आली. १९७५ च्या मार्चमध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली, तोवर शालांत म्हणजे अकरावी. घरातले वडीलधारे ‘जुनी अकरावी’ म्हणतात ती हीच.

वसई-विरार मात्र तेव्हाचे राहिले नाही. चार नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून २००९ साली महापालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. सरकारी शाळा बहुतेक जिल्हा परिषदेच्या, मराठी आणि उर्दू माध्यमाच्या, आणि त्या सातवी-आठवीपर्यंतच. पुढचे हायस्कूल म्हणजे एखाद्या संस्थेची अनुदानित किंवा विनाअनुदानित शाळा. पापडीच्या थॉमस बाप्टिस्टा हायस्कूलसारख्या जुन्या शाळांत ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम मुले एका बाकावर बसत आली आहेत. आपल्या कित्येक घरांतले मराठी अशाच वर्गांत पक्के झाले.

इथल्या हायस्कूलच्या मुलांचा दिवस आपण रोज पाहतो. सकाळचे सत्र असेल तर फज्रनंतर लगेच डबा, दुपारचे असेल तर मकतब सकाळी. घरी कोकणी किंवा हिंदी, मकतबमध्ये अरबी, वर्गात मराठी. पावसाळ्यात रूळ पाण्याखाली गेले की शिक्षकच पोहोचत नाहीत. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला पाणी भरून गाड्या बंद पडल्या, ते दिवस कोण विसरेल? आणि अलीकडे दहावीची परीक्षा रमजानमध्ये येते. २०२५ साली पेपर २१ फेब्रुवारी ते १७ मार्चपर्यंत होते आणि रोजे २ मार्चला सुरू झाले. सहेरीला उठलेली मुलगी अकराच्या पेपरला बसते, घरी येऊन थोडी झोपते आणि इफ्तारनंतर पुन्हा पुस्तक उघडते. त्या दिवसांत तिला भजी तळायला लावू नये, एवढे तरी घराने पाहावे.

पण आम्हाला खरी काळजी वाटते ती दहावीची नाही, नववीची. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. दुपारची खिचडी आठवीपर्यंत. शासनाची मोफत पुस्तकेही आठवीपर्यंत. म्हणजे नववीत पाऊल टाकताना हक्क, जेवण आणि पुस्तके तिन्ही एकदम सुटतात. त्यात शाळा बदलते, ती दूर असते, रिक्षाचे पैसे लागतात. मग कुणीतरी म्हणते, “आठवी झाली ना, आता बस झाले.” मुलगा गॅरेजवर जातो, मुलगी घरात राहते. गुणपत्रिका चांगली असते, पण ती कुणी बघत नाही.

यावर घरातूनच करता येण्यासारख्या गोष्टी आहेत. पहिली, एन.एम.एम.एस. शिष्यवृत्ती. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतली आठवीची मुले ही परीक्षा देऊ शकतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे आणि सातवीत ५५ टक्के गुण हवेत (अनुसूचित जाती-जमातींना सवलत आहे). निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये बँक खात्यात येतात. रिक्षा आणि पुस्तके यांचा मोठा भार त्यातून उतरतो. अर्ज शाळेतूनच भरला जातो, म्हणून आठवी सुरू होताच मुख्याध्यापकांना विचारावे. उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवावा, आणि आधार, दाखला, बँक या तिन्हींवर नाव एकाच पद्धतीने लिहिलेले आहे ना, हे पाहावे. ‘शेख’ पुढे की मागे, यावरूनही अर्ज अडकतो.

दुसरी, अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही. प्रवेश घेण्याआधी शाळा अनुदानित आहे का, हे जरूर विचारावे.

तिसरी, शाळा सुटलीच असेल तर १७ नंबरचा फॉर्म. तो भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते. घरी बसलेल्या मुलीला दोन वर्षांनीही ही वाट मोकळी असते.

आणि चौथी गोष्ट मोहल्ल्याची. एकटी मुलगी दूर पाठवायला घर कचरते, पण चार मुली एकत्र निघाल्या की तेच घर हो म्हणते. जुम्म्याच्या नमाजनंतर चार वडिलांनी पाच मिनिटे थांबून एक रिक्षा ठरवली, तर चार नववी वाचतात.

सोपाऱ्याच्या एका मुलाला सुमारे नव्वद वर्षांपूर्वी शाळेसाठी पुणे गाठावे लागले. आज शाळा रिक्षाच्या अंतरावर आहे. यंदा तुमच्या इमारतीत आठवी पास झालेले कोण आहे, ते आजच विचारून पाहा.